अर्ध्या सेकंदाचे पाणी

नाशिकहून गिरणारे मार्गे हरसूलकडे निघालेली गाडी वाघेरा घाटाला लागली की पावसाची जात बदलते. शहरात छत्री उघडावी की मिटलेलीच हाती ठेवावी, असा प्रश्न पडलेला असतो. गिरणाऱ्याच्या द्राक्षमळ्यांवर आणि टोमॅटोच्या शेतांवर बारीक भुरभुर सुरू असते. घाटात मात्र ढग थेट रस्त्यावर उतरलेला असतो. वाघेरा किल्ला शेजारीच उभा असूनही दिसत नाही, आणि घाटाच्या कातळावरून उतरणाऱ्या पाण्याच्या धारा आधी ऐकू येतात, मग नजरेस पडतात. जुलै-ऑगस्टच्या दिवसांत या वाटेने जाणाऱ्यास धबधबा शोधावा लागत नाही. कोणता टाळावा, एवढेच ठरवावे लागते.

हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. नाशिकपासून सुमारे ५० किलोमीटर. पश्चिमेस पालघर जिल्ह्यातील मोखाडा-जव्हारचा डोंगरी मुलूख आणि पुढे गुजरातची सीमा. आसपासच्या पाड्यांवर कोकणा, महादेव कोळी, वारली या समाजांची वस्ती आहे. खाचरांत भात आणि उतारावर नागली, वरई, खुरासणी अशी येथील शेती. एकेकाळी घाटावरचा माल याच बाजूने खाली जात असे. ठाणापाड्याजवळचा खैराई किल्ला आणि वाघेरा किल्ला या वाटांवर नजर ठेवून असत. आज किल्ल्यांवर फारसे कोणी जात नाही. पावसाळ्यात येणारे बहुतेक जण पाण्यासाठी येतात.

या तालुक्याची एक गंमत भूगोलाच्या पुस्तकात वाचण्यापेक्षा येथे उभे राहून अधिक समजते. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडे वळते आणि १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. हरसूलच्या बाजूचे ओहोळ मात्र पश्चिमेची वाट धरतात. त्यांचे पाणी दमणगंगेच्या खोऱ्यातून अरबी समुद्राकडे जाते, आणि ही दमणगंगा अवघी १३१ किलोमीटर लांबीची आहे. एकाच तालुक्यात पडलेल्या पावसापैकी काही थेंबांना देश ओलांडावा लागतो, तर काहींना डोंगर उतरताच समुद्र लाभतो. पश्चिमेच्या या आखूड वाटेवर उतार तीव्र असल्यामुळेच येथे धबधबे इतके आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा काळा कातळ बनला. त्यातील काही थर टणक, तर काही भुसभुशीत. भुसभुशीत थर पाण्याने झिजतो, वरचा टणक थर ओठासारखा पुढे राहतो आणि त्या ओठावरून पाणी झेपावते. एका धबधब्याखाली तीन-चार पायऱ्या दिसतात, त्यांचे कारण हेच.

अशाच एका तीन पायऱ्यांच्या धबधब्यासाठी नाशिकचे एक गृहस्थ तीन पावसाळे हरसूल परिसरात येत राहिले. वय पंचावन्नच्या पुढचे, नोकरी एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीची, छंद छायाचित्रणाचा. त्या धबधब्याला नकाशावर नाव नाही. वरच्या पाड्याचे लोक त्याला नुसते ‘ओहोळ’ म्हणतात. गृहस्थांनीही त्याचे ठिकाण मोबाइलवरून कोणाला पाठवले नाही, त्यामुळे येथेही ते दिलेले नाही.

पहिल्या वर्षी ते जुलैच्या मध्यास आले. पहाटे चारला घर सोडले, उजाडता उजाडता पाड्यावर पोहोचले आणि एका भातशेतकऱ्याच्या अंगणात गाडी लावून ओहोळाकडे उतरू लागले. अंतर फार नव्हते, पण वाट म्हणजे खाचरांचे बांध आणि त्यापुढे शेवाळलेले दगड. खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी, एका हातात तिवई, दुसऱ्या हातात छत्री. बांधावरून चालताना तोल सावरण्यास माणसाला किमान एक हात मोकळा हवा, हा पहिला धडा त्यांना कमरेइतक्या चिखलात बसून मिळाला. धबधब्यासमोर पोहोचून त्यांनी कॅमेरा बाहेर काढला, तेव्हा भिंग दुधासारखे पांढरे झालेले होते. गाडीत दोन तास वातानुकूलन चालू होते. थंडगार झालेल्या काचेवर बाहेरची दमट हवा लागताच दव साचले. पुसले की क्षणभर स्वच्छ, पुन्हा पांढरे. पुसता पुसता रुमाल भिजला आणि ओल्या रुमालाने भिंगावर रेघा उमटल्या. तासाभराने काच हवेइतकी उबदार झाली, तेव्हा पावसाने जोर धरला. घरी गेल्यावर चाळीस छायाचित्रे संगणकावर उघडली. प्रत्येकात कोठे ना कोठे थेंबाचा गोल डाग होता. एकही ठेवण्याजोगे निघाले नाही.

धबधब्याचे छायाचित्र पाहणाऱ्यास ते शांत वाटते. घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र त्यातील काहीच शांतता येत नाही. धबधबा कोसळतो तेथे स्वतःचा वारा निर्माण करतो, आणि तो वारा तुषार घेऊन थेट समोर येतो. म्हणजे जेथून दृश्य सर्वांत सुंदर, तेथेच भिंग सर्वांत लवकर भिजते. त्यासाठी भिंगावर कापड झाकून ठेवायचे, चौकट ठरवायची, कापड काढताच कळ दाबायची, पुन्हा झाकायचे. कोरडी सुती किंवा मायक्रोफायबरची फडकी एक नव्हे, चार-पाच लागतात आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत वेगवेगळी ठेवावी लागतात. अंगावरचा रेनकोट बाहेरून पावसाने आणि आतून घामाने भिजतो. बुटात पाणी शिरते, बोटे पांढरी पडून सुरकुततात. बसण्यास जागा नसते, कारण प्रत्येक दगड ओला असतो. डास आणि चिलटे नेमकी त्याच वेळी कानाशी येतात, जेव्हा श्वास रोखून उभे राहायचे असते.

हे सारे सहन करून टिपायचे असते ते अर्ध्या सेकंदाचे पाणी. वाहते पाणी कॅमेऱ्यात दोन प्रकारे उतरते. झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी वेळ उघडली तर प्रत्येक थेंब काचेच्या मण्यासारखा जागच्या जागी थांबलेला दिसतो. तीच झडप अर्धा सेकंद ते दोन सेकंद उघडी राहिली तर थेंब एकमेकांत मिसळतात आणि पाणी रेशमी वस्त्रासारखे दिसते. बहुतेकांना हे रेशीम हवे असते. परंतु तेवढा वेळ कॅमेरा हातात स्थिर राहत नाही, म्हणून तिवई हवी. आणि तेवढा वेळ प्रकाश आत आला तर चित्र पांढरे पडते, म्हणून प्रकाश अडवणारी काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर हवा. ढगाळ सकाळी आयएसओ १०० आणि एफ/११ या मापावर झडपेचा वेळ सेकंदाच्या पंधराव्या भागाच्या आसपास येतो. प्रकाश आठपट कमी करणारी काच लावली की तो अर्ध्या सेकंदावर जातो. चौसष्टपट कमी करणारी लावली तर चार सेकंदांवर. छिद्र एफ/२२ पर्यंत लहान करूनही वेळ वाढवता येतो, पण मग चित्राची तीक्ष्णता घटते. दुसरी एक काच, पोलरायझर, ओल्या कातळावरची आणि पानांवरची पांढरी चकाकी काढून टाकते. ती फिरवताच करडा दिसणारा कातळ काळा होतो आणि पानांचा हिरवा रंग वर येतो.

हे गणित घरच्या खोलीत पाठ होते. ओहोळात ते पुरेसे ठरत नाही. तिवईचा पाय वाहत्या पाण्यात असला की पाण्याच्या धक्क्याने तो सूक्ष्म थरथरतो आणि अर्ध्या सेकंदात चित्र हलते. बोटाने कळ दाबली तरी हलते, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. वारा आला की झाडाच्या फांद्या हलून हिरवा डाग होतो. सूर्य ढगातून बाहेर आला की पाण्याचा पांढरा रंग डोळे दिपवणारा होऊन त्यातील बारकावे नाहीसे होतात. म्हणजे पाऊस थांबलेला, पण ढग हटलेले नाहीत. पाणी भरपूर, पण गढूळ नाही. वारा पडलेला आणि धुके उठलेले. एवढ्या अटी एका वेळी जुळण्याचा अवधी काही मिनिटांचा असतो. तो सकाळी सात वाजता येईल की अकरा वाजता, की त्या दिवशी येणारच नाही, हे सांगता येत नाही. बाकी सर्व वेळ थांबणे, एवढेच काम.

थांबण्याच्या या कामाला त्र्यंबकेश्वर तालुक्यात मोठी परंपरा आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. पहिला चित्रपट काढण्यासाठी भांडवल हवे होते आणि या नव्या विद्येवर कोणाचा विश्वास नव्हता, तेव्हा १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि कॅमेरा त्यासमोर ठेवून रोज त्या रोपाचे चित्रण केले. महिन्याहून अधिक काळ हे चालले. त्यातून जेमतेम मिनिटभराची ‘अंकुराची वाढ’ ही फिल्म तयार झाली. बी उगवते आणि वेल वर चढतो, हे पाहणाऱ्यांना डोळ्यांदेखत घडताना दिसले आणि भांडवल उभे राहिले. महिन्याचा धीर आणि मिनिटाचे फळ, हा हिशेब ज्याला परवडतो त्यानेच कॅमेरा हाती घ्यावा.

त्याहीपूर्वीच्या काळात तर रेशमी पाणी ही हौस नव्हती, नाइलाज होता. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामात पुढे असलेल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळी काचेच्या पट्टीवर रसायन ओतून, ते ओले असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधारात धुवावे लागे. काच, रसायने, अंधारी राहुटी हे सर्व सोबत न्यावे लागे. सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने १८६० च्या दशकात असा संसार हमालांच्या पाठीवर देऊन हिमालयात भ्रमंती केली. रसायनाची गती इतकी मंद होती की वाहते पाणी चित्रात धुक्यासारखेच उतरे. थेंब थांबवता येत नाही, ही त्या लोकांची खंत होती. आज थेंब थांबवणारा कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि लोक पैसे खर्च करून ते जुने धुके परत आणतात.

दुसऱ्या वर्षी गृहस्थ ऑगस्टमध्ये आले. या वेळी गाडीतील वातानुकूलन बंद ठेवले होते, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या होत्या, छत्री कॅमेऱ्याला बांधण्याची सोय केली होती आणि हात मोकळे होते. आवणी आटोपली होती, खाचरे हिरवी झाली होती. उतरताना शेतकऱ्याने एवढेच विचारले, “पाण्यात उतरणार का साहेब?” गृहस्थ म्हणाले, “थोडंसंच, त्या सपाट दगडापर्यंत.” शेतकरी काही बोलला नाही, फावडे घेऊन समोरच्या खाचरात गेला.

सपाट दगड प्रवाहाच्या मध्यापासून थोडा अलीकडे होता. तेथून तिन्ही पायऱ्या एका रेषेत येत. घोट्यापर्यंतच्या पाण्यातून जाऊन गृहस्थांनी तिवई रोवली आणि थांबले. पाऊस नव्हता. वारा होता. साडेनऊच्या सुमारास वारा पडू लागला, धुके दुसऱ्या पायरीपर्यंत खाली आले. कोठूनतरी शीळकरी कस्तूराची लांबलचक शीळ आली. दोन वर्षे जे पाहण्यासाठी धडपड केली ते समोर जुळून येत होते. अजून पाच मिनिटे, एवढाच प्रश्न होता.

तेवढ्यात समोरच्या बांधावरून हाक आली. धबधब्याच्या आवाजात शब्द कळेनात. शेतकरी फावडे वर करून हलवत होता. गृहस्थांनी हाताने ‘थांबा’ अशी खूण केली. शेतकरी थांबला नाही, बांध उतरून पळत काठावर आला आणि ओरडला, “साहेब, पाणी लाल झालं! वर पाऊस पडतोय. मागं या!”

गृहस्थांनी खाली पाहिले. घटकेपूर्वी पायाची बोटे दिसत होती. आता दिसत नव्हती. पाण्यावर ओली पाने आणि काटक्या वाहत येत होत्या. धबधब्याचा आवाज जाड झाला होता, हेही तेव्हाच ध्यानात आले. कॅमेऱ्याच्या चौकटीत मात्र सारे तसेच सुंदर होते. धुके नेमके जागेवर होते. एक कळ दाबायची, दोन सेकंदांचा टायमर, अर्ध्या सेकंदाचे चित्र, मिळून अडीच सेकंद. माणसे वाहून जातात ती बहुधा याच अडीच सेकंदांच्या हिशेबात. गृहस्थांनी कळ दाबली नाही. तिवई होती तशी उघडीच उचलली आणि शेतकऱ्याने पुढे केलेले फावड्याचे दांडके धरून काठावर आले. पाणी गुडघ्याला लागत होते. काठावर बसून दम घेईपर्यंत तो सपाट दगड दिसेनासा झाला.

शेतकऱ्याने पिशवी उचलली. वाटेत बोलणे झाले नाही. अंगणात पोहोचल्यावर घरच्या मावशींनी कोरा चहा दिला, तेव्हा गृहस्थांचा कप हातात वाजत होता. “आम्ही ओहोळ डोळ्यांनी नाही बघत, कानांनी बघतो,” शेतकरी म्हणाला. “तुम्ही त्या काळ्या डब्यात बघत होता.”

हे नुसते एका माणसाचे नशीब नव्हे. याच तालुक्यातील दुगारवाडीच्या धबधब्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये पाणी एकाएकी वाढल्याने वीसहून अधिक पर्यटक पलीकडच्या काठावर अडकले. त्यांची सुटका झाली, पण एक जण वाहून गेला. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जणांचा बळी गेला. अशा घटनांत माणूस उभा असतो तेथे पाऊस पडत असतोच असे नाही. पाऊस वरच्या डोंगरावर पडतो आणि तीव्र उताराच्या अरुंद ओहोळातून त्याचे पाणी काही मिनिटांत खाली येते. म्हणून जाणते छायाचित्रकार काही नियम पाळतात. एकट्याने जाऊ नये. एकाने कॅमेऱ्याकडे पाहावे, दुसऱ्याने पाण्याकडे. पोहोचताच काठावरचा एखादा दगड खूण म्हणून ठरवावा आणि त्याला पाणी लागले की सामान आवरावे. पाण्याचा रंग बदलला, पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज बदलला, तर त्या क्षणी बाहेर पडावे. प्रवाह ओलांडून पलीकडे जाऊ नये, कारण परतीची वाट तोच प्रवाह असतो. प्रशासनाने बंदी घातलेल्या जागी जाऊ नये. आणि स्थानिक माणसाने हाक दिली तर कारण नंतर विचारावे.

त्या पावसाळ्यात गृहस्थ पुन्हा आले नाहीत. ते आले मार्च महिन्यात, कॅमेरा न घेता. शेतकऱ्यासाठी एक चांगली विजेरी आणि मावशींसाठी लुगडे घेऊन आले होते. मावशी घरी नव्हत्या. पाण्याला गेल्या होत्या. दुपार कलल्यावर त्या डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढून आल्या. गृहस्थ ओहोळाकडे उतरून पाहून आले. तिन्ही पायऱ्या कोरड्या होत्या. कातळावर वाळलेल्या शेवाळाचे काळे पट्टे होते आणि तळच्या डोहाच्या जागी भेगाळलेला गाळ. जेथे ऑगस्टमध्ये माणूस वाहून जाऊ शकत होता, तेथे मार्चमध्ये हंडा बुडत नव्हता.

त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांचे हे जुने दुखणे आहे. पाऊस उदंड पडतो. परंतु कातळावर माती थोडी, उतार तीव्र, पाणी साठवण्याची सोय अपुरी. चार महिन्यांचे पाणी बघता बघता समुद्राला मिळते आणि उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी झिरपणाऱ्या पाण्यासाठी बायकांना रांगा लावाव्या लागतात. याच तालुक्यात खरशेत ग्रामपंचायतीच्या हद्दीतील शेंद्रीपाड्याच्या महिला तास नदीच्या खोल पात्रावर टाकलेल्या लाकडी ओंडक्यांवरून हंडे घेऊन ये-जा करीत. त्यांची छायाचित्रे प्रसारमाध्यमांतून महाराष्ट्रभर गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये तेथे लोखंडी पूल उभा राहिला. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो पूल वाहून गेला. उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी ज्या नदीपलीकडे जावे लागते, पावसाळ्यात तीच नदी पूल नेते, हे या भागाचे वास्तव त्या एका वर्षाने दाखवले. ती छायाचित्रे घेणाऱ्यांपाशी एनडी फिल्टर नसेल, तिवई नसेल. पण पाण्याच्या चित्राने काय साधू शकते, हे त्यांनी सिद्ध केले.

तिसऱ्या वर्षी गृहस्थ सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात आले. पावसाचा भर ओसरला होता, पाणी निवळ होते, बांधांवर तेरडा फुलला होता. या वेळी शेतकऱ्याचा शाळकरी नातू सोबत होता आणि त्याच्याकडे एकच काम होते, वरच्या बाजूच्या एका दगडाकडे पाहत राहणे. गृहस्थ काठावरच थांबले. तेथून तिसरी पायरी अर्धी झाडाआड जात होती. त्यांनी ती जाऊ दिली. सात वाजता तिवई लावली. साडेअकराला आवरली. मधल्या साडेचार तासांत छत्तीस वेळा कळ दाबली. प्रत्येकी अर्धा सेकंद धरला तर कॅमेऱ्याचा डोळा एकूण अठरा सेकंद उघडला होता. त्यातील एक चित्र जमले. धुके खालच्या पायरीवर रेंगाळलेले, पाणी रेशमासारखे, कातळ काळाभोर, आणि डाव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, हिरव्या खाचराची एक पट्टी.

दिवाळीनंतर त्यांनी त्याची मोठी प्रत चौकटीत बसवून पाड्यावर नेली. सारे घर गोळा झाले. शेतकऱ्याने चित्र उजेडाला धरून बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, “छान आहे. पण हे पाणी नाही साहेब, हा कापूस झाला. आमच्या पाण्याला आवाज असतो.”

मावशींनी कोपऱ्यातील हिरव्या पट्टीवर बोट ठेवले आणि विचारले, “हे आपलंच खाचर ना?” ते त्यांचेच होते. मग मुलांनी, शेजाऱ्यांनी, सर्वांनी ते खाचर पाहिले. बांधावर काहीतरी ठिपक्याएवढे दिसत होते, ते इरले घेतलेले आजोबा की दगड, यावर बराच खल झाला. धबधब्याकडे पुन्हा फारसे कोणी पाहिले नाही. चित्र दारासमोरच्या कुडाच्या भिंतीवर लावण्यात आले.

जेवायला नागलीची भाकर आणि मिरचीचा ठेचा होता. जेवताना शेतकऱ्याने ओहोळावर वरच्या अंगाला दगड-मातीचा लहान बांध घालता येईल अशी एक जागा सांगितली. तेथे पाणी अडले तर गुरांना माघापर्यंत पुरेल आणि विहिरीलाही झरा राहील. ग्रामसभेत अर्ज दिला आहे, पण अर्जासोबत जागेचा फोटो मागतात, असे तो म्हणाला. गृहस्थांनी त्याच दुपारी जाऊन ती जागा टिपली. स्वच्छ ऊन होते, तिवईची गरज नव्हती, काचेची नव्हती आणि थांबावेही लागले नाही. दोन्ही काठ, मधले अंतर कळावे म्हणून पात्रात हात पसरून उभा असलेला नातू आणि मागे कातळ, एवढेच त्या चित्रात आहे. त्याच्या प्रती आठवडाभरात पाड्यावर पोहोचल्या.

चौथ्या पावसाळ्यासाठी त्यांनी कॅमेरा कोरड्या पेटीत सिलिका जेलसह ठेवला आहे. या वेळी ते धबधब्याचे दुसरे चित्र घेणार आहेत, सेकंदाच्या पाचशेव्या भागाचे, ज्यात थेंब थेंब वेगळा दिसेल. आवाज त्यातही येणार नाही. पण शेतकऱ्याला दाखवून पाहायचे, असे त्यांनी ठरवले आहे.